पिवळ्या खुणेचे पाइप

थोरल्याने रविवारी सकाळी दहाला सगळ्यांना कारखान्यात बोलावलं, तेव्हा घरी का नको असं कोणीच विचारलं नाही. वडील गेल्यापासून भांडायचं घरात आणि ठरवायचं कारखान्यात, अशी या कुटुंबाची वहिवाटच पडली होती.

खाली मशिनं बंद होती. वरच्या ऑफिसात लांब टेबलाच्या टोकाला थोरला बसला. त्याच्या डाव्या हाताला त्याची बायको. सोळा वर्षं ती मालाची तपासणी सांभाळत होती. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी कामगारांसमोर ‘सूनबाई’ म्हणून हाक मारली आणि तेच नाव तिला चिकटलं. रबर पुरवणारा व्यापारीसुद्धा फोनवर ‘सूनबाई आहेत का?’ असंच विचारायचा. समोर मधला भाऊ. तो वकील होता आणि घरातही त्याला सगळे वकीलच म्हणत. खिडकीपाशी आत्या. भावाबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये तिने हा धंदा उभा केला. ब्रेकच्या तेलाचा रबरी पाइप, त्याच्या दोन्ही टोकांना पोलादी टोपी दाबून बसवायची, एवढाच धंदा. तीस वर्षं प्रत्येक पाइप तिच्या हाताखालून गेला, आणि पास झालेल्या पाइपावर ती कुंचल्याने पिवळं कडं काढायची. आता ते कडं मशीन काढत होतं. तरी ती संचालक होती, आणि तिच्या सहीशिवाय महत्त्वाचा कागद गेटबाहेर जात नव्हता.

धाकटी शेवटी आली. ती सरकारच्या वाहन सुरक्षा कार्यालयात इंजिनिअर होती. नोकरी लागली त्याच महिन्यात तिने कारखान्यातला आपला हिस्सा भावांच्या नावे लिहून दिला होता. त्यावरून तेव्हा काय महाभारत झालं, ते आता कोणी काढत नसे.

“दादा म्हणाला, आत्याला भेटायला ये,” ती दारातच म्हणाली.

“मला भेटायला? कारखान्यात?” आत्या म्हणाली. “माझं इथे प्रदर्शन मांडलंय की काय?”

थोरल्याने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने समोरचं पत्र उचललं आणि कोर्टात वाचतात तसं वाचायला सुरुवात केली. पत्र गाडी कंपनीचं होतं. कंपनीच्या छोट्या गाडीच्या पुढच्या ब्रेक-पाइपांबद्दल काही तक्रारी आल्या होत्या. सरकारी कार्यालयाने बुधवारपर्यंत खुलासा मागितला होता. कंपनीचं म्हणणं होतं की—

“थांब,” धाकटी म्हणाली. “पुढचं वाचू नकोस.”

“बस तर खरी,” थोरला म्हणाला.

“मला बसता येणार नाही. मी हे ऐकलं तर उद्या ऑफिसात लिहून द्यावं लागेल.”

“लिही मग. एवढंच सांग, किती तक्रारी आल्यात?”

“माहीत नाही.”

“तुझ्याच टेबलावरून जातात ना त्या?”

“जायच्या. सात आठवड्यांपूर्वी मी ती फाइल सोडली.”

सात आठवड्यांपूर्वी तिच्यासमोर एका नर्सचा अर्ज आला होता. ड्यूटी संपवून घरी जाताना, उतारावर, ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. गाडी भिंतीवर आदळली. पाय दोन ठिकाणी मोडला. अर्जासोबत फोटो होता आणि फोटोत गळका पाइप. त्यावरचं पिवळं कडं धाकटीने लहानपणी हजारदा पाहिलेलं. तिने चहा थंड होईपर्यंत तो फोटो पाहिला. मग चार ओळींचा अर्ज साहेबांना दिला: हा भाग माझ्या माहेरच्या कारखान्यात बनतो, मला या कामातून काढावं. साहेबांनी वाचून सही केली आणि फाइल समोरच्या खोलीतल्या अधिकाऱ्याकडे गेली. तेव्हापासून ती त्या खोलीवरून जाणं टाळत असे.

“सात आठवडे,” थोरला म्हणाला. “मधे दोनदा घरी येऊन जेवून गेलीस.”

“हो.”

“एक शब्द नाही काढलास तोंडातून.”

“काढायचा नसतो.”

“परक्यांसमोर नसतो.”

“दादा, परक्यांना सांगितलं तर फार तर बदली होईल. घरच्यांनाच सांगायचं नसतं.”

ती वळली. आत्या म्हणाली, “दुपारी माझ्याकडे जेवायला ये. माझ्या टेबलावर कागद नसतात.” जिन्यावर तिच्या चपला वाजत खाली गेल्या.

वकिलाने पत्राचा उरलेला भाग वाचला. कंपनीच्या मते हा सुरक्षेचा दोष नव्हताच, खराब रस्ते आणि बेपर्वा वापर यांचा परिणाम होता. गाड्या परत बोलावण्याची गरज नव्हती. ज्या गाड्या सर्व्हिसिंगला येतील त्यांचे पाइप गुपचूप बदलले जातील. मालकांना कळवण्याचं कारण नाही. त्यासाठी कारखान्याने एवढंच लिहून द्यायचं की त्या गाड्या बनल्या त्या वर्षातला सगळा माल तपासणीत पास होता. सोबत तपासणीच्या नोंदवहीची प्रत. खाली तिन्ही संचालकांच्या सह्या. सह्या झाल्या तर पुढच्या मॉडेलचं काम याच कारखान्याला.

थोरल्याने पेन टेबलावर ठेवलं. “मी केलीय. तुमच्या दोघांच्या राहिल्यात.”

वकील शेवटची ओळ पुन्हा वाचत होता. कालपर्यंत तो भावाच्या बाजूने होता. कंपनीने फोनवर विचारलं तेव्हा मसुद्यातले दोन शब्दही त्यानेच सुचवले होते. पण ही शेवटची ओळ कालच्या मसुद्यात नव्हती: माहिती खोटी निघाल्यास सही करणारे व्यक्तिशः जबाबदार राहतील. म्हणजे कंपनी मोकळी. दुसऱ्या अशिलाला त्याने हा कागद लांबूनही हात लावू दिला नसता.

“घरातल्या घरात विचारतो,” तो म्हणाला. “पाइपांत काही आहे का?”

“हजारांत एखादा. कुठल्याही मालात असतो.”

“वहिनी?”

सूनबाई नोंदवहीची प्रत पाहत होती.

“वहिनी, तुमची गाडी तीच ना? त्याच वर्षातली?”

“हो.”

“मग तिचे पाइप कसे आहेत?”

“तिचे बदललेत,” थोरला पटकन म्हणाला. बोलून गेल्यावर त्याने पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं.

सूनबाईने मान वर केली. “केव्हा?”

“गेल्या वर्षी. सर्व्हिसिंगला नेली होती ना मी.”

तिला तो दिवस आठवला. जो माणूस स्वतःच्या गाडीत हवासुद्धा भरायला जात नाही, तो सकाळी सातला तिची किल्ली मागत होता. आज तू ऑफिसात माझ्याबरोबर चल, म्हणाला. तिला बरं वाटलं होतं. संध्याकाळी तिने त्याच्या आवडीचं काहीतरी केलं होतं.

“आणि ही नोंदवही?” तिने प्रत त्याच्याकडे सरकवली. “ही माझी नाही. अक्षर माझ्यासारखं आहे. पण सातचा आकडा मी असा काढत नाही.”

“प्रत काढताना नीट उतरवून घेतली, एवढंच.”

“माझ्या वहीत अकरा आठवडे लाल शेरे आहेत. साचा झिजलाय, टोपी गोल बसत नाही, असं मी रोज लिहीत होते. तू म्हणालास, तो माल वेगळा काढला, भंगारात घातला.”

“सूनबाई, आता इथे—”

“मी विचारलं होतं तुला. दोनदा विचारलं होतं.”

विचारलं होतं हे खरं, पण भंगाराची पावती तिने मागितली नव्हती. रिकामी मांडणी पाहिली आणि मान डोलावली. विश्वास ठेवणं तेव्हा सोयीचं होतं, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं.

आत्या उठली. “चला खाली. प्रत्येक लॉटचे पाच पाइप ठेवायचे असा नियम आहे. निदान तो तरी पाळता ना?”

“आत्या, त्याने काय सिद्ध होणार?” थोरला म्हणाला.

“तेच बघायला चाललेय.”

त्या अकरा आठवड्यांतल्या एका लॉटचे पाच पाइप खोक्यात होते, चिठ्ठीसकट. आत्याने एक पाइप टेबलाच्या लोखंडी पकडीत आवळायला सांगितला आणि करवत वकिलाच्या हातात दिली. टोपी उभी चिरायची होती. वकिलाने स्वच्छ शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दोन मिनिटांत करवतीचं पातं मोडलं.

“कोर्टात पण असंच करतोस?” आत्या म्हणाली.

दुसरं पातं सूनबाईने चढवलं. तिचा हात सावकाश आणि एकसारखा चालत होता. पोलादाची भुकटी कागदावर पडत होती. टोपी उघडली तसा आतला रबर दिसला. आत्याची नजर आता अधू होती. तिने अंगठ्याचं नख आतल्या बाजूने फिरवलं. एका जागी नख अडकलं. तिथे रबराला चंद्रकोरीसारखी चीर होती.

“दुसरा.”

दुसरा साफ निघाला. तिसऱ्यात नख अडकलं. चौथ्यात अडकलं. पाचवा साफ.

“हजारांत एखादा म्हणालास,” आत्या म्हणाली.

थोरला मशिनला टेकून उभा होता. त्या मशिनच्या दाबाचं बटण त्याने स्वतः पुढे फिरवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, कोणी नसताना. जुना साचा झिजला होता, टोपी सैल बसत होती. नवा साचा देणारा कारखाना रोज उद्या म्हणत होता. गाडी कंपनीचा माणूस फोनवर ओरडत होता, तुमच्यामुळे आमची लाइन थांबली तर तुमचं दार कायमचं बंद. खाली एकशे चाळीस माणसं. दाब वाढवला तसे पाइप गळायचे थांबले, पाण्याच्या चाचणीत पास व्हायला लागले. टोपीची कड आत रबरात रुतत होती, ते बाहेरून दिसत नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्याला झोप लागली नाही. तिसऱ्या आठवड्यात लागली. वर्षभराने कंपनीच्या वर्कशॉपमधल्या ओळखीच्या माणसाने सहज सांगितलं, तुमचे दोन-तीन पाइप गळून आले बरं का. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोची गाडी नेली. बाकीच्यांचं काय करायचं ते त्याला सुचलं नाही, आणि मग सुचेनासंच झालं.

यातलं निम्मंच त्याने बोलून दाखवलं.

“तुम्ही कोणी त्या खुर्चीत नव्हता,” तो शेवटी म्हणाला.

“खरंय,” आत्या म्हणाली. “मला त्या खुर्चीत बस असं कोणी कधी म्हटलंच नाही. तुझ्या बापानेही नाही.” तिने हात फडक्याला पुसले. “मी सही करणार नाही.”

“मीही नाही,” वकील म्हणाला. “पण ऐका. सही नको आणि बोलणंही नको. आपण गप्प बसायचं. कंपनीचं कंपनी बघेल. सरकार आपल्यापर्यंत आलं तर तेव्हा बघू.”

थोरल्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. आत्यानेही लगेच नाही म्हटलं नाही. शेवटी भावाचा कारखाना होता.

“आणि गाड्या?” सूनबाईने विचारलं.

वकील शर्टाच्या बाह्या खाली करायला लागला.

“दिवसाला बाराशे पाइप. आठवड्याचे सहा दिवस, अकरा आठवडे. एका गाडीला पुढे दोन. चाळीस हजार गाड्या होतात. त्यातली एकच बदललीय.”

“वहिनी, तुम्ही शांतपणे—”

“मी शांतच आहे.” तिने चीर निघालेले तिन्ही पाइप फडक्यात गुंडाळले. खोक्यावरची चिठ्ठी काढून वर ठेवली.

“तू काय करणार आहेस?” थोरल्याने विचारलं.

“तू मला सांगून केलंस का?” ती म्हणाली.

आत्या तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने थोरल्याच्या दंडाला धरून बाजूला घेतलं. त्याला थोपवायला की आधार द्यायला, ते वकिलाला कळलं नाही.

सोमवारी सूनबाई बस पकडून सरकारी कार्यालयात गेली. खिडकीवरच्या कारकुनाने पिशवीकडे पाहिलं.

“काय आहे?”

“मूळ नोंदवही. आणि तीन पाइप, चिरलेले.”

“अर्ज आणलाय?”

अर्ज नव्हता. त्याने कोरा कागद दिला, पेन मात्र दिलं नाही. तिने बाकावर बसून पिशवीवर कागद ठेवून लिहिलं. नाव, हुद्दा, पत्ता. मग ‘संबंधित कारखान्याच्या संचालकांशी नातं’ असा रकाना कारकुनाने तोंडी सांगितला. तिने ‘पत्नी’ असं लिहिलं.

त्याच वेळी धाकटी लिफ्टमधून बाहेर पडली. कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर आपली वहिनी, मांडीवर कापडी पिशवी, हे तिने वीस पावलं आधीच पाहिलं. थांबून विचारलं असतं तर काय विचारलं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. वहिनी, चहा घेणार का? पण उद्या कंपनीचा वकील म्हणेल, साक्ष नणंदेनेच पढवली. धाकटी चालत राहिली. जवळून जाताना सूनबाईने पाय आत घेतले, एवढंच. टेबलावर पोचल्यावर धाकटीने साहेबांच्या नावे दोन ओळी लिहिल्या: आज साडेअकराला माझी वहिनी कार्यालयात दिसली, आमच्यात काहीही बोलणं झालेलं नाही. वेळ घातली, सही केली. मग ती बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

पुढचे पाच आठवडे थोरला आणि सूनबाई एकाच घरात राहिले. किल्ली कुठे आहे, गॅस संपत आलाय, आत्याचा फोन होता, एवढंच बोलणं. सूनबाई कारखान्यात जात नव्हती. अधिकारी दोनदा येऊन साचा, मशीन, खोकी सगळं पाहून गेले. कामगार सूनबाईबद्दल दोन्ही तऱ्हांनी बोलत. वकील रोज संध्याकाळी भावाकडे यायचा आणि काय बोलायचं ते शिकवायचा. “तुला आठवत नाही, म्हण. आठवत नाही याला शिक्षा नाही.” थोरला ऐकून घ्यायचा. सूनबाईला आतल्या खोलीत सगळं ऐकू यायचं.

सुनावणीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. कंपनीचे तीन वकील एका बाजूला. मागच्या रांगेत ती नर्स, काठी खुर्चीला टेकवून. कंपनीच्या वकिलाचा मुद्दा सोपा होता: नवराबायकोचं बिनसलंय, रागाच्या भरात बाईंनी घरी बसून खोटी नोंदवही तयार केली. त्याने सूनबाईला तासभर उलटंसुलटं विचारलं. तुम्ही एका खोलीत राहता का, हेही विचारलं. तिने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, याही प्रश्नाचं.

मग थोरल्याला बोलावलं. अधिकाऱ्याने दोन्ही वह्या त्याच्यापुढे ठेवल्या. “यातली खरी कोणती?”

मागे बसलेल्या वकील भावाने घसा खाकरला. आत्या काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. थोरल्याने आधी स्वच्छ वही उघडली, चार-पाच पानं उलटली. मग दुसरी. तिच्या पानांवर तेलाचे डाग होते, लाल शेरे होते, एका पानावर चहाचं वर्तुळ होतं. त्या पानावर तो थांबला.

“ही मी लिहिली,” त्याने स्वच्छ वहीवर बोट ठेवलं. “एका दिवसात. ती हिने लिहिली. अकरा आठवडे.”

“आणि मशिनचा दाब?”

“मीच वाढवला. कोणाला विचारलं नाही.”

“पाइप गळतात हे कंपनीला माहीत होतं?”

मागे वकील भाऊ अर्धा उठला. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. “गेल्या वर्षीपासून. त्यांच्याच वर्कशॉपमधून मला कळलं. तारीख सांगतो,” तो म्हणाला.

सूनबाई समोर भिंतीकडे पाहत होती. त्याने तारीख सांगितली, तिची गाडी नेली त्याच्या आदल्याच दिवसाची, तेव्हा तिने डोळे मिटले.

आदेश अकराव्या दिवशी निघाला. एकोणचाळीस हजार चारशे गाड्या परत बोलवायच्या, प्रत्येक मालकाला घरी पत्र, पाइप फुकट बदलून, आणि कंपनीने माहिती दडवली त्याची वेगळी चौकशी. थोरल्यावरचा खटला राहिलाच, तो वर्षानुवर्षं चालेल असं वकील म्हणाला. कंपनीने काम काढून घेतलं. एकशे चाळीसांतले साठ लोक उरले. आत्याने शेतीच्या पंपांचे पाइप बनवायचं ठरवलं, आणि थोरल्याच्या खुर्चीत जाऊन बसली. बसताना म्हणाली, ही फारच खोल आहे, माझे पाय टेकत नाहीत, खाली पाट आणा.

आदेश निघाला त्या संध्याकाळी थोरल्याच्या घरी फोन वाजला.

“दादा, मी बोलतेय.”

“आता चालतं का बोललेलं?”

“चालतं. आजपासून चालतं.”

तिच्या बाजूने रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज येत होता. ती ऑफिसच्या खालीच उभी असावी.

“जेवायला येऊ का?” तिने विचारलं.

थोरल्याने फोन छातीशी धरला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. कितीतरी दिवसांनी त्याने तिला नावाने हाक मारली होती.

“धाकटी विचारतेय, येऊ का?”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“येऊ दे,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “तूही हात धुऊन ये.”